हाड जुळले, तरी पाठ का दुखत राहते?

“डॉक्टर, हाड जुळलं म्हणता, मग दुखायलंय कशामुळं?” अंबाजोगाई परिसरात फिजिओथेरपीचे काम करताना हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे, पण तो सर्वांत थेटपणे विचारला तो पन्नाशीतल्या एका शेतकऱ्याने. शेळ्यांसाठी लिंबाचा पाला तोडताना ते फांदीवरून खाली आदळले होते आणि कमरेचा पहिला मणका दबला होता. ऑपरेशनची गरज पडली नाही. तीन महिने पट्टा बांधला, एक्स-रेमध्ये हाड जुळल्याचे दिसले, आणि तरीही आठ महिन्यांनंतर ते बाजेवरून उठताना दोन्ही हातांनी कंबर धरत होते. मणक्यात अजून ‘गॅप’ आहे आणि हालचाल केली तर तो वाढेल, अशी घरातल्या सर्वांची समजूत होती. त्यामुळे पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना जागेवर आणून दिला जात होता. प्रेमापोटी केलेली ही काळजीच त्यांचे दुखणे लांबवत होती. हे मी त्यांना कसे समजावले आणि ते समजावण्याआधी काय काय तपासून घ्यावे लागले, ते येथे सविस्तर सांगतो.

मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. पाठीच्या मणक्यांना बरगड्यांचा आधार असल्यामुळे तो भाग फारसा हलत नाही, कमरेचा भाग मात्र सहज वाकतो आणि मागे वळतो. हे दोन भाग जेथे भेटतात, म्हणजे पाठीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका, तेथे आदळण्याचा सर्वाधिक ताण येतो, म्हणून बहुतेक फ्रॅक्चर याच दोन मणक्यांच्या आसपास होतात. झाडावरून किंवा विहिरीत पडणे, ट्रॉलीवरून फेकले जाणे ही आपल्याकडची नेहमीची कारणे आहेत. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधकावरून उसळणे हेही त्यांत धरावे लागते. मागच्या चाकांच्या पलीकडे असलेले ते बाक बसच्या इतर भागापेक्षा जास्त उंच फेकले जाते आणि प्रवासी खाली आपटतो तेव्हा मणक्यावर उभा दाब येतो.

अशा दाबाने मणक्याचा पुढचा भाग चेपतो. मज्जारज्जूला धोका नसेल तर सुमारे ८ ते १२ आठवड्यांत हाड जुळते, परंतु ते चेपलेल्या आकारातच जुळते, पुन्हा पूर्वीच्या उंचीचे होत नाही. हा मुद्दा नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण रुग्णाच्या हातातील रिपोर्टवर वर्षानुवर्षे ‘मणका दबलेला आहे’ असेच लिहून येणार असते आणि ते वाचून तो प्रत्येक वेळी नव्याने घाबरतो. तो आकार म्हणजे भरलेल्या जखमेचा वण आहे, उघडी जखम नव्हे.

मग दुखते काय? भिंतीतील एक वीट पुढून झिजली की वरच्या साऱ्या विटा पुढे कलतात, तसे एका मणक्याच्या चेपण्याने वरचे शरीर किंचित पुढे झुकते. ते झुकलेले शरीर सरळ धरून ठेवण्यासाठी पाठीच्या स्नायूंना दिवसभर ओढ द्यावी लागते. तीन महिन्यांच्या विश्रांतीने हेच स्नायू रोडावलेले असतात, म्हणून दुपारपर्यंत ते थकतात आणि दाटून येतात. मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान सांध्यांवरचा भारही बदलतो आणि ते सांधे मागे वाकताना किंवा वळताना टोचू लागतात. फ्रॅक्चरलगतची, दोन मणक्यांमधली चकती दुखावलेली असू शकते. नस दाबली गेली असेल तर दुखणे पाठीपुरते न राहता बरगडीच्या कडेने पोटाकडे, किंवा मांडीतून खाली, चमक मारत जाते. बहुतेक रुग्णांत यांपैकी एकापेक्षा अधिक कारणे मिसळलेली असतात, त्यामुळे दुखण्याचा एकच ‘पॉइंट’ शोधण्याचा हट्ट सहसा फसतो.

याशिवाय आणखी एक कारण आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत कमी समजावले जाणारे कारण तेच आहे. वेदना ही मणक्यात साठलेली वस्तू नाही. शरीराला धोका आहे असे मेंदूला वाटले की तो जो इशारा देतो, ती वेदना. ज्वारीच्या फडात रात्री एकदा रानडुकरांनी पीक लोळवले की पुढे वाऱ्याने पान सळसळले तरी माळ्यावरचा राखणदार हाळी देतो. त्याची भीती खोटी नसते, तो ढोंग करत नसतो, त्या वेळी फडात डुक्कर मात्र नसते. मोठ्या इजेनंतर पाठीच्या नसा, मज्जारज्जू आणि मेंदू यांचेही काही रुग्णांत असेच होते. पूर्वी ज्या हालचालीची दखलही घेतली गेली नसती, तिच्यासाठी आता मोठा इशारा दिला जातो. मज्जारज्जू हा वेदनेचा संदेश जसाच्या तसा पुढे धाडत नाही, तो संदेश तेथे वाढवला किंवा रोखला जाऊ शकतो, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडली आणि तेव्हापासून वेदनेकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. झोप कमी झाली, कर्जाची किंवा घराची चिंता वाढली, किंवा ‘आता माझ्याकडून काही होणार नाही’ असे मनाने घेतले की संदेश वाढतो; शांत झोप, ओळखीची सुरक्षित हालचाल आणि माणसांत मिसळणे यांनी तो कमी होतो. याचा अर्थ दुखणे मनाचे आहे असा कोणीही काढू नये. ज्याला हे दुखते, त्याला ते खरोखर दुखते.

तथापि, राखणदाराला शांत करण्यापूर्वी फडात खरोखर डुक्कर नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर एकदा तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी. काही थोड्या रुग्णांत मणका जुळतच नाही. अशा वेळी उभे राहिले की तीव्र दुखते आणि आडवे झाले की लगेच बरे वाटते. कधी शेजारचा दुसरा मणका नव्याने दबलेला असतो. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली सापडून पाठीला इजा झालेली अनेक माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. ‘हे तर भूकंपापासूनचंच दुखणं’ असे म्हणत त्यांच्या जुन्या दुखण्यात एखादे नवे फ्रॅक्चर सहज लपून जाऊ शकते. साध्या एक्स-रेवर जुने आणि नवे यांतील फरक ओळखणे अवघड असते, एमआरआयमध्ये मात्र ताज्या फ्रॅक्चरभोवतीची सूज दिसते.

आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. किरकोळ कारणाने मणका दबला असेल आणि सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन किंवा झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर क्षयरोग अथवा कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पायांतील शक्ती कमी होणे, चालताना पाय लटपटणे, जांघेच्या आणि बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, लघवी तुंबणे अथवा लघवी-संडासवरील ताबा जाणे ही लक्षणे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. येथे केलेला उशीर पुढे भरून काढता येत नाही.

नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या भागात भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. असे बोअरचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर पाठीचे अस्थिबंध कडक होतात आणि हाड दाट दिसत असूनही ठिसूळ राहते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. पाठ ताठ झाली असेल आणि गावात दातांवर पिवळे-तपकिरी डाग असलेली मुले असतील, तर पाण्याची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा.

झाडावरून पडून मणका मोडणे वेगळे आणि पाण्याची घागर उचलताना, शिंकताना किंवा जमिनीवर बसकण मारताना मणका दबणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हाडच ठिसूळ झालेले असते आणि केवळ पाठीच्या दुखण्यावर उपचार करणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडे ठेवणे होय. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेल्याचे उघड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली होती. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले असतील तर हाडांचे रक्षण करणारे संप्रेरक एकाएकी थांबते, आणि त्याच स्त्रिया पुढची अनेक वर्षे डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहतात. पिशवी काढलेल्या स्त्रीची पाठ चाळिशीत दुखू लागली तर ‘कामानं दुखतंय’ एवढ्यावर तिची बोळवण करू नये, असे मला मनापासून वाटते. तिची हाडांची घनता तपासली पाहिजे. ही तपासणी डेक्सा यंत्रावर होते आणि तिच्या रिपोर्टमधील ‘टी-स्कोअर’ हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला हाडांचा ठिसूळपणा म्हणतात. मणक्याचे फ्रॅक्चर झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांतील एकीला पुढच्या वर्षभरातच आणखी एक मणका दबण्याचा अनुभव येतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले होते. म्हणूनच आठवड्यातून एकदा घेण्याची अॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड यांसारखी हाड टिकवणारी औषधे डॉक्टरांनी सुचवली तर ती टाळू नयेत. ही आठवड्याची गोळी उपाशीपोटी भरपूर साध्या पाण्यासोबत घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होता येत नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपली ज्वारीची भाकरी पोषक असली तरी तिच्यात कॅल्शियम फार थोडे असते. ते दूध, दही, ताक, तीळ, शेवग्याचा पाला आणि नाचणी यांतून मिळवावे लागते. मराठवाड्यात ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता अनेकांत आढळते, कारण दुखणाईत माणूस घरात असतो आणि बाहेर पडला तरी अंग झाकलेले असते. त्यासाठी दिली जाणारी ६०,००० युनिटची मात्रा काही आठवड्यांपुरतीच असते. ‘ताकदीची आहे’ म्हणून ती महिनोन्महिने घेत राहणे धोक्याचे आहे. तंबाखूतील निकोटीन हाडाचा रक्तपुरवठा कमी करते, म्हणून बिडी सोडणे हा पाठीच्या उपचाराचाच भाग मानावा.

आता हालचालीकडे वळतो. बहुतेक रुग्ण दोन टोकांमध्ये अडकलेले असतात. दुखणे कमी असलेल्या दिवशी ते साठलेली सारी कामे उरकतात आणि पुढचे तीन दिवस खाटेवर काढतात. असे चार-पाच वेळा झाले की ‘काम केलं की दुखणं वाढतं’ हे मनात पक्के बसते आणि मग चांगल्या दिवशीही माणूस उठत नाही. स्नायू आणखी रोडावतात, हाड आणखी विरळ होते. यातून बाहेर पडण्यासाठी कामाचे मोजमाप दुखण्यावर सोडू नये, घड्याळावर सोपवावे. वीस मिनिटे चालल्यावर दुखू लागत असेल तर पंधरा मिनिटेच चालावे, पण ती चांगल्या दिवशीही पंधरा आणि वाईट दिवशीही पंधरा. आठवडाभर हे जमले की एक-दोन मिनिटे वाढवावीत. वाढ इतकी लहान असावी की राखणदाराला तिची चाहूल लागू नये. वर उल्लेख केलेल्या शेतकऱ्याने सुरुवात घरापासून मारुतीच्या पारापर्यंत केली होती, आणि पारावर बसून चार माणसांशी बोलून परत येणे हा त्यांच्या उपचाराचा भाग आहे, असे मी घरच्यांना मुद्दाम सांगितले होते. हालचालीनंतर दुखणे थोडे वाढून रात्रीपर्यंत किंवा सकाळपर्यंत पूर्वपदावर येत असेल तर काळजीचे कारण नाही. दुसऱ्या दिवशीही ते तसेच चढलेले राहिले तर मात्रा जास्त झाली असे समजून थोडी कमी करावी.

कोणता व्यायाम करावा यापेक्षा कोणता करू नये, हे येथे आधी सांगणे गरजेचे आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचे गट पाडले होते. पाठ मागच्या बाजूने ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांत नवे फ्रॅक्चर दिसले, तर पुढे वाकण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास लहान होता, पण त्यातील इशारा आजही पाळला जातो, कारण पुढे वाकताना मणक्याच्या आधीच चेपलेल्या पुढच्या भागावरच दाब येतो. म्हणून पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, हलासन आणि उताणे झोपून धड वर उचलण्याचे (सिट-अप्स) पोटाचे व्यायाम ठिसूळ हाडाच्या रुग्णाने करू नयेत, आणि योग शिकवणाऱ्याला आपल्या फ्रॅक्चरविषयी आधीच सांगावे. भिंतीला टाच, पाठ आणि डोके टेकवून उभे राहणे, दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढणे, उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर थोडीशी उचलणे, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे हे साधे व्यायाम बहुतेकांना चालतात. तरी पहिल्या काही वेळा ते जाणत्या फिजिओथेरपिस्टसमोर करावेत. पट्ट्याचेही तसेच आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत तो आवश्यक असतो, त्यानंतर रोज थोडा थोडा वेळ कमी करत तो सोडावा, नाहीतर पाठीचे काम पट्टाच करू लागतो.

घरातील काही सवयी बदलल्या तर दिवसभराचा ताण बराच कमी होऊ शकतो. झोपेतून उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि मग हातांच्या जोरावर उठावे. झोळीसारखी खोल झालेली बाज आणि उघडी फरशी ही दोन्ही टोके टाळून घट्ट गादी वापरावी. भाकरी जमिनीवर बसून थापण्याऐवजी ओट्यावर थापावी, केरसुणीला काठी बांधावी, खुरपणीत दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून पाठ मागे ताणावी. टँकरचे पाणी भरताना एक मोठी घागर नेण्यापेक्षा दोन लहान कळशा दोन हातांत अंगाजवळ धरून नेणे बरे. तेच वजन हात लांब करून उचलले तर पाठीवर कितीतरी पट भार पडतो.

वेदनाशामक गोळ्यांविषयी मला काळजीने बोलावेसे वाटते. पॅरासिटामॉल ही तुलनेने सुरक्षित गोळी असून प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्महिने घेतल्याने जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे खराब होतात. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात, शेतात घामाने शरीरातील पाणी आटलेले असताना, हा धोका आणखी वाढतो. पायात जाणारी चमक, जळजळ, मुंग्या ही नसेची लक्षणे असतील तर डॉक्टर प्रीगॅबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधे देतात. त्यांनी झोप आणि गुंगी येते, म्हणून रात्री अंधारात उठताना पडणार नाही याची काळजी घ्यावी. बिननावाच्या पुड्या मात्र कधीही घेऊ नयेत. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो आणि आतून हाड पोखरले जाते. बराच काळ त्या घेतल्या असतील तर एकदम बंद न करता डॉक्टरांना खरे सांगावे, कारण स्टेरॉइड अचानक थांबवणेही घातक असते.

दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराविषयी बरेच जण विचारतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत या उपचाराने मिळालेला आराम, सिमेंट न भरता ज्यांच्यावर उपचाराचा केवळ देखावा केला होता त्या रुग्णांना मिळालेल्या आरामाइतकाच होता. काही ताज्या किंवा न जुळलेल्या फ्रॅक्चरमध्ये तज्ज्ञ आजही त्याचा विचार करतात, परंतु वर्षापूर्वी जुळून गेलेल्या मणक्यात सिमेंट भरण्यासाठी जमीन गहाण टाकू नये.

एवढे करूनही दुखणे अधूनमधून उसळी मारते. लग्नकार्यातली धावपळ, लांबचा प्रवास, सोयाबीन काढणीचा आठवडा अशी निमित्ते पुरतात, कधी निमित्तही सापडत नाही. अशा वेळी पडणे, आदळणे किंवा आधी सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर दोन दिवस कामाचे मोजमाप निम्मे करावे, पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, दर तासाला घरातल्या घरात चार पावले टाकावीत आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीच्या मोजमापाकडे निघावे. त्या शेतकऱ्यांची पाठ आजही पेरणीच्या दिवसांत दुखते. पण आता ते त्या दिवसांत खाट धरत नाहीत. मारुतीच्या पारापर्यंत जातात, तेथे नेहमीपेक्षा थोडे जास्त बसतात आणि चालत घरी येतात.